टायगर मॉथ घरच्या सिम्युलेटरवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी घरच्या कॉम्प्युटरवर जुनी, एकावर एक दोन पंखांची प्रशिक्षण विमानं उडवतोय, आणि त्यातला बहुतेक वेळ टायगर मॉथमध्ये गेलाय. नवीन मंडळी भेटली की प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. वेग ताशी मैलांत आणि उंची फुटांत दिली आहे, कारण त्या काळच्या ब्रिटिश विमानांत काटे तसेच असत.

एवढी जेट विमानं असताना टायगर मॉथच का?

कारण हे विमान तुमचे पाय जागे करतं. आजच्या सिम्युलेटरमधलं प्रवासी विमान रडरला (शेपटीवरचा, पायाने हलवायचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) पाय न लावताही तासन्‌तास उडवता येतं. सेसनासारखं छोटं विमानही बरंच सांभाळून घेतं. टायगर मॉथमध्ये पाय झोपले की ते लगेच कळतं: वळताना नाक भलतीकडे जातं, धावपट्टीवर विमान बाजूला पळतं, उतरल्यावर गिरकी घेतं. विमान शिकवायलाच बनवलेलं असल्यामुळे ते चूक लपवत नाही, आणि वेग कमी असल्यामुळे सुधारायला वेळही देतं.

डी हॅविलंड कंपनीचं हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेनहून पहिल्यांदा उडालं. पुढे आठ हजारांहून जास्त बनली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत अशा अनेक ठिकाणच्या हजारो वैमानिकांनी पहिलं एकट्याचं उड्डाण यातूनच केलं. आपल्या वायुसेनेचे वैमानिकही यावरच शिकले. पन्नाशीच्या दशकात हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आलं तेव्हा टायगर मॉथ हळूहळू बाजूला झालं. वायुसेनेने एक टायगर मॉथ दुरुस्त करून घेतलं आणि २०१२च्या वायुसेना दिनी ते दिल्लीजवळच्या हिंडनला पुन्हा आकाशात गेलं. पिवळ्या पंखांचं ते विमान मी व्हिडिओत किती वेळा पाहिलं असेल, मोजलेलं नाही.

कुठला सिम्युलेटर घ्यावा?

जो तुमच्या कॉम्प्युटरवर अडखळत नाही तो. खालच्या दर्जाचं चित्र पण सलग हालचाल, हे सुंदर चित्र आणि धक्के यापेक्षा कितीतरी बरं. उतरतानाच्या शेवटच्या पाच सेकंदांत चित्र अडखळलं तर कौशल्य काहीच कामाचं नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये टायगर मॉथ आणि स्टीअरमन (दोन पंखांचं अमेरिकन प्रशिक्षण विमान) दोन्ही वेगळी विकत घेऊन बसवता येतात. २०२२च्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत कर्टिस जेनी हे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं अमेरिकन प्रशिक्षण विमान मोफत आलं, तेही उडवून पाहा. आयएल-२ मालिकेतल्या क्लिफ्स ऑफ डोव्हर या खेळात टायगर मॉथ सुरुवातीपासून आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. खिशाला काहीच परवडत नसेल तर फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा: सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रडर आणि टेकऑफची मदत बंद करा. ती चालू असेल तर कॉम्प्युटर तुमचे पाय होतो, आणि मग हे विमान घेण्यात काही अर्थ उरत नाही.

पेडल घ्यावीच लागतात का? जॉयस्टिकवर भागत नाही?

सुरुवातीला भागतं. दांडा पिळला की रडर हलतो अशी जॉयस्टिक घ्या. कीबोर्ड किंवा माउसवर मात्र हे विमान शिकायचा प्रयत्न करू नका. रडर एकतर शून्य नाहीतर पूर्ण, असं इथे चालत नाही.

दोन-तीन महिन्यांनी आवड टिकली तर पेडल घ्या. पिळायच्या जॉयस्टिकची अडचण अशी की मनगट पिळताना दांडा थोडा बाजूला जातोच, आणि रडरबरोबर एलेरॉनही (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान झुकवणारे भाग) नकळत हलतात. पेडलने हात आणि पाय वेगळे झाले की आठवड्याभरात फरक दिसतो.

माझी पहिली पेडल फरशीवर घसरायची. जोरात दाबलं की पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे. शेवटी पेडल आणि भिंत यांच्यामध्ये स्वयंपाकघरातला जुना पाट आडवा अडकवला, खाली रबरी मॅट टाकली आणि खुर्ची साधी प्लास्टिकची घेतली. तीच व्यवस्था आजही आहे. पाट परत मागितला जातो तो फक्त सणावाराला.

संवेदनशीलता थोडी कमी ठेवा, विशेषतः मधल्या भागात. खऱ्या दांड्याची लांबी आपल्या जॉयस्टिकच्या तिप्पट-चौपट असते, त्यामुळे तिथे चार बोटं हलवल्यावर जे होतं ते इथे नखाएवढ्या हालचालीत होतं.

इंजिन सुरू करायचं बटण सापडत नाही.

नाहीच आहे. टायगर मॉथला स्टार्टर नाही, बॅटरी नाही, वीजच नाही. पुढे उभा राहिलेला माणूस हाताने पंखा फिरवतो. मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या बाजूला बसवलेले आहेत, ते याचसाठी: पंख्याला हात लावणाऱ्याला ते बंद आहेत की चालू, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

चांगल्या मॉडेलमध्ये हा क्रम पाळावा लागतो. पेट्रोल चालू, स्विच बंद, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी तरफ) मिटलेलं, पंखा काही वेळा फिरवून सिलिंडरमध्ये मिश्रण ओढून घ्यायचं. मग थ्रॉटल किंचित उघडून स्विच चालू, ‘कॉन्टॅक्ट’ अशी आरोळी, आणि एक झटका. थेट चालू इंजिनाने सुरुवात करायची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण निदान दहा वेळा तरी हा क्रम हाताने करा.

एकट्याने उडवताना मागच्या सीटवर बसायचं. पुढची सीट प्रशिक्षकाची. ती गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे ती रिकामी राहिली तरी तोल फारसा बदलत नाही. दोघांमध्ये बोलायला रेडिओ नव्हता, एक रबरी नळी होती. प्रशिक्षक पुढून नळीत ओरडायचा आणि ते शिकाऊच्या टोपीतल्या कानांत पोचायचं.

जमिनीवर चालवताना समोर काहीच दिसत नाही. कॅमेरा वर घ्यायचा का?

घेऊ नका. खऱ्या विमानातही दिसत नाही. शेपटी खाली, नाक वर. म्हणून नागमोडी चालायचं: थोडं डावीकडे वळून उजव्या बाजूने पुढे पाहायचं, मग उलट. सिम्युलेटरमध्ये डोकं डावी-उजवीकडे न्यायची बटणं जॉयस्टिकवर आधीच लावून घ्या.

ब्रेक नाहीत. मागे चाकाऐवजी धातूची घसरपट्टी आहे, ती गवतात रुतून ब्रेकचं काम करते. म्हणून शक्यतो गवताळ मैदान निवडा. डांबरी धावपट्टीवर हे विमान बर्फावरच्या पाटासारखं वागतं. वळायचं असेल तर रडर पूर्ण दाबून इंजिनाचा छोटा झोत द्या, म्हणजे पंख्याची हवा रडरवर आदळते आणि शेपटी सरकते.

टेकऑफला विमान उजवीकडे पळतं. जॉयस्टिक बिघडली आहे का?

जॉयस्टिक ठीक आहे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. अमेरिकन इंजिनं बहुतेक घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे स्टीअरमन डावीकडे ओढतं आणि टायगर मॉथ उजवीकडे. सेसनावर शिकून आलेल्यांचा नेमका इथे गोंधळ होतो, कारण त्यांच्या उजव्या पायाला सवय लागलेली असते.

थ्रॉटल हळूहळू उघडा, तीन-चार सेकंद घ्या. डावा पाय तयार ठेवा. वेग आला की दांडा थोडा पुढे देऊन शेपटी उचला. त्या क्षणी उजवीकडची ओढ एकदम वाढते, कारण फिरणाऱ्या पंख्याचा अक्ष तुम्ही वाकवलेला असतो. नवखे इथेच चुकतात. शेपटी उचलायच्या आधी अर्धा क्षण डावा पाय द्या, नंतर नको. पाय दाबून धरून ठेवू नका. छोटे छोटे टोले, लगेच सोडायचे. ५०च्या आसपास विमान आपोआप जमीन सोडतं. मग नाक थोडं खाली धरून ६५ होऊ द्या आणि त्याच वेगाने चढा.

वळताना विमान घसरल्यासारखं वाटतं.

एलेरॉन फक्त खालच्या पंखांवर आहेत. डावीकडे झुकायला दांडा डावीकडे दिला की उजवा एलेरॉन खाली जातो, तिथे हवेचा अडथळा वाढतो आणि नाक आधी उजवीकडे जातं. डी हॅविलंडने यावर उपाय म्हणून खाली जाणारा एलेरॉन कमी हलेल अशी जोडणी केली, तरीही पाय लागतोच.

सराव असा करा. दोन हजार फुटांवर जा आणि दूर क्षितिजावर एक खूण पकडा, डोंगराचं टोक किंवा चिमणी. नाक त्या खुणेवर ठेवून पंख डावीकडे, उजवीकडे, डावीकडे झुकवत राहा. खूण हलू द्यायची नाही. पहिल्या दिवशी नाक कोंबड्यासारखं डोलेल. रोज पाच मिनिटं केलं तर पंधरा दिवसांत हात आणि पाय एकत्र निघू लागतात. मला स्वतःला याच सरावाने सगळ्यात जास्त दिलं.

उतरताना विमान चेंडूसारखं उड्या मारतं. काय चुकतंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि दर दहातल्या नऊ वेळा कारण वेग असतो. ७५ने आलात तर विमानाला अजून उडायचंच असतं. शेवटच्या टप्प्यात ६० ते ६५ ठेवा, आणि धावपट्टीचं टोक ओलांडताना थ्रॉटल मिटलेलं असू द्या.

दुसरं कारण नजर. नवखा माणूस नाकासमोरच्या जमिनीकडे पाहतो, आणि पडद्यावर ती जमीन किती खाली आहे हे कळत नाही. आपल्याकडे दोन डोळ्यांची खोली नसते. त्यामुळे एकतर दहा फुटांवरच विमान थांबवलं जातं आणि ते धपकन पडतं, नाहीतर उशीर होतो. नजर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला आणि थोडी बाजूला, डाव्या पंखाच्या पुढून दिसणाऱ्या कडेवर ठेवा. ती कड जसजशी रुंद होत वर येते, तशी उंची समजते. कॅमेऱ्याचा कोन फार रुंद ठेवला असेल तर जमीन खरीपेक्षा दूर दिसते. तो थोडा अरुंद करा आणि मग बदलत बसू नका. मी कोन वारंवार बदलत होतो तोवर माझं उतरणं कधीच स्थिर झालं नाही.

आता शेवटची काही सेकंदं. जमिनीच्या जवळ आलात, नाक क्षितिजाला आणा. विमान खाली बसू लागेल. बसू देऊ नका: दांडा थोडा मागे. पुन्हा बसू लागलं, पुन्हा थोडा मागे. वेग मरत जातो, वारा पंखांमधल्या तारांमधून जाताना येणारा सूर खाली उतरत जातो, नाक वर येऊन धावपट्टी झाकून टाकतं आणि दिसते ती फक्त दोन्ही बाजूंची हिरवळ. दांडा पोटाला लागेल तेव्हा दोन चाकं आणि शेपटी एकाच वेळी गवताला टेकली पाहिजेत. एक बारीक खडखड येते, आणि मग शांत घरंगळणं. हेडफोन लावून करा, आवाज काट्यांपेक्षा आधी सांगतो.

उडी बसलीच तर दांडा पुढे ढकलू नका. उडी लहान असेल तर आहे तिथे धरून पुन्हा बसू द्या. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि परत एक फेरी, म्हणजे मैदानाभोवती चक्कर मारून पुन्हा उतरायचं.

उतरून झालं, आता काही होणार नाही असं वाटतं आणि विमान गर्रकन फिरतं.

वजन चाकांच्या मागे आहे. जड बाजू मागे ठेवून हातगाडी ढकलत न्या आणि किंचित वाकडी होऊ द्या. मागचं वजन पुढे यायला बघतं आणि गाडी फिरते. इथेही तेच. वेग कमी झाला की रडरवर हवा उरत नाही, म्हणून गिरकी नेहमी शेवटी येते, माणूस सैल पडल्यावर. दांडा पोटाशीच ठेवा, शेपटी गवतात दाबून धरा, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय चालू ठेवा. आडवा वारा दहा नॉटच्या (ताशी साधारण १८ किलोमीटर) वर असेल तर पहिले दोन महिने उडूच नका, वारा सेटिंगमधून कमी करा.

फ्लॅप (उतरताना वेग कमी करायला पंखांच्या मागून खाली येणारे भाग) नाहीत. उंची जास्त झाली तर?

साइडस्लिप. एक पंख खाली, विरुद्ध पाय पूर्ण. विमान तिरकं होऊन दगडासारखं खाली येतं आणि वेग मात्र वाढत नाही. स्लिपमध्ये वेगाचा काटा खोटं बोलू शकतो, म्हणून नाकाची जागा पाहा. वीस-तीस फुटांवर सरळ करा. जमायला लागलं की मुद्दाम उंच यायचा मोह होतो, इतकं ते सुंदर वाटतं.

लूप मारता येतो का? आणि स्पिन?

दोन्ही येतात. लूप म्हणजे हवेत उभं पूर्ण वर्तुळ, स्पिन म्हणजे पंखांचा आधार सुटून गिरक्या घेत खाली येणं. तीन हजार फुटांच्या वर जा, वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला असलेल्या स्लॅट कुलूपबंद करा. वेग कमी झाला की या पट्ट्या आपोआप उघडून स्टॉल (वेग कमी पडून पंखांचा आधार सुटणं) लांबवतात, पण कसरतीच्या वेळी नको असतात. लूपसाठी नाक खाली घालून सुमारे १२० घ्या. उलटं उडायच्या फंदात पडू नका. पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीतून नुसत्या वजनाने खाली येतं, त्यामुळे उलटं झालं की इंजिन गप्प होतं.

स्पिनमधून बाहेर यायला थ्रॉटल मिटवा, फिरण्याच्या विरुद्ध रडर पूर्ण, क्षणभर थांबून दांडा पुढे. फिरणं थांबलं की पाय मध्ये, आणि हळूच वर. सगळ्या मॉडेलमध्ये स्पिन खरा वठत नाही, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात कुठे उडवू?

जुहूपासून सुरू करा. १९२८ सालचं हे मैदान, आपल्या देशातल्या नागरी विमान वाहतुकीचं पहिलं. तिथून किनारा धरून दक्षिणेला: अलिबागचा कुलाबा किल्ला, रेवदंड्याची खाडी, कोर्लई, मग मुरुड-जंजिरा. सरळ रेषेत जंजिरा सुमारे ९० किलोमीटर. ताशी ८० मैलांनी, म्हणजे १३० किलोमीटरने, चाळीसएक मिनिटं लागतात. हजार फुटांवरून उडा. समोरून पंधरा नॉटचा वारा आला तर तेच अंतर पन्नास मिनिटांच्या वर जातं, आणि खालच्या होड्या बराच वेळ तिथेच दिसतात.

घाट ओलांडायचा असेल तर आधी हिशोब करा. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. १३० अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला सहा-साडेसहाशे फुटांनी चढायला लागतं आणि वर जाईल तसं मंदावतं. साडेसहा हजारांवर जायला पंधरा मिनिटं तरी धरा. कल्याणच्या पुढे गेल्यावर चढायला सुरुवात केली तर सह्याद्रीची भिंत आधी येते, उंची नंतर. समुद्रावरच गोल फेऱ्या मारून उंची घ्या आणि मग पूर्वेला वळा. टाकीत १९ गॅलन, साधारण ८६ लिटर मावतं. तासाला तीसेक लिटर जातं. अडीच तासांनी तुम्ही जमिनीवर असलं पाहिजे.

जेआरडींचं कराचीहून मुंबईचं उड्डाण करता येईल का?

येईल, आणि जरूर करा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी नेलं. मात्र ते विमान पस मॉथ होतं: त्याच कंपनीचं, पण एका पंखाचं आणि बंद कॉकपिटचं. टायगर मॉथमध्ये कराची ते अहमदाबाद हा सुमारे ६०० किलोमीटरचा पल्ला एका टाकीत होत नाही. मी भूजला आणि सुरतला थांबतो, असे चार टप्पे पाडतो आणि दोन रविवार घेतो. कच्छच्या रणावरून जाताना खाली एकही खूण नसते. तेव्हा होकायंत्र आणि घड्याळ यांच्यावरच चालायचं, नकाशावर दर दहा मिनिटांना पेन्सिलची रेघ.

दोन पंखांचीच कथा हवी असेल तर १९३०ची आगाखान स्पर्धा घ्या. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून जिप्सी मॉथमध्ये निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने. दोघं इजिप्तमध्ये अबूकीरला भेटले. अस्पी यांना स्पार्क प्लग हवे होते, जेआरडींनी आपल्याकडचे दिले. स्पर्धा अस्पी यांनी जिंकली, तेव्हा त्यांचं वय सतरा होतं. तेच पुढे आपल्या वायुसेनेचे प्रमुख झाले. हा संपूर्ण मार्ग सिम्युलेटरवर करायला मला एक हिवाळा लागला, आणि अबूकीरच्या किनाऱ्यावर उतरल्यावर मी बराच वेळ इंजिन बंद करून नुसता बसून होतो.

याचा खऱ्या प्रशिक्षणात उपयोग होतो का? मुलीला पायलट व्हायचंय.

घरच्या सिम्युलेटरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय सतरा लागतं. त्याआधी सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळू शकतो. घरी शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे: फेरीचा क्रम, वारा पाहणं, नकाशा वाचणं, वेग सांभाळणं. धोका एकच, काट्यांना डोळे चिकटायची सवय. खरा प्रशिक्षक ती मोडण्यात पहिले दहा तास घालवतो. म्हणून मुलीला सांगा, वेगाचा काटा कागदाच्या तुकड्याने झाका आणि नाक, क्षितिज आणि आवाज यांच्यावर फेरी पूर्ण करा. टायगर मॉथमध्ये हे खरोखर जमतं. माझ्या भाचीने तिसऱ्या आठवड्यात केलं, वय अकरा, पाय पेडलला पोचावेत म्हणून पाठीमागे दोन उश्या.